चार अंश पुढे

चंदीगडात मी भाड्याने राहायचो ती खोली एका गॅरेजच्या डोक्यावर होती. खाली दोन गाड्या मावतील एवढी जागा, पण उभी असायची एकच. दुसरीच्या जागी फरशीवर तेलाचा काळा डाग होता, ताटाएवढा. झाडलोट करायला येणारी बाई बाकीची सगळी फरशी पुसायची आणि डागाला वळसा घालून पुढे जायची. नवा होतो तेव्हा मी एकदा सायकल त्या डागावर लावली. घरमालकीण, ज्यांना सगळा सेक्टर बीजी, म्हणजे आई, म्हणायचा, स्वयंपाकघरातून आल्या, सायकल उचलली, भिंतीशी टेकवली आणि परत गेल्या. त्यानंतर मीही वळसा घालायला लागलो.

पंजाबातल्या दहशतवादाची वर्षं होती ती. शहर आखीव, रस्ते रुंद, झाडं रांगेत, आणि माणूस नाही. सेक्टर १७ च्या चौकात पूर्वी म्हणे लोक आइस्क्रीम खात उशिरापर्यंत फिरायचे. मी बघितलं तेव्हा अंधार पडायच्या आत शटरं खाली आलेली असायची आणि बँकेच्या दाराशी वाळूची पोती रचलेली. बसस्टँडवरच्या भोंग्यातून एकच सूचना चालू: बेवारस ट्रान्झिस्टर, डबा, पेटी दिसली तर हात लावू नका. त्यात तिथली पानगळ मार्चच्या पुढे. थंडी गेली, ऊन चढायला लागलं, आणि तेव्हा झाडं भराभर पानं टाकणार. कर्फ्यू लागला की झाडणारे यायचे नाहीत. पानं रस्त्यावर साचायची, आणि वारा आला की सगळी एकदम एका दिशेने चालायला लागायची. खोलीत ऐकलं तर वाटावं, घोळका येतोय. खिडकीतून बघावं तर कुणी नाही.

मी नगरचा. वडील आडतबाजारात पोती वाहायचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी तेव्हाही सांगायचो, आताही सांगतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही. मेकॅनिकलची पदवी घेतली आणि मोजमापाची उपकरणं तपासणाऱ्या एका सरकारी प्रयोगशाळेत लागलो. ठिकठिकाणांहून मायक्रोमीटर यायचे, डायल गेज यायचे. ते खरं बोलतात की खोटं, एवढं बघायचं आणि तसं लिहून द्यायचं. वडील गावात सांगायचे, पोरगा काटा मारणाऱ्यांना पकडतो. मला ते वर्णन आवडायचं.

घरमालक निवृत्त फौजी. साधा जवान म्हणून भरती झालेले, इंजिनांच्या जोरावर कॅप्टन होऊन बाहेर पडलेले. उमेदीची वर्षं नगर आणि खडकीत गेली, त्यामुळे मराठी यायची. फौजी मराठी, लिंग-वचनाला न जुमानणारी. खोली बघायला गेलो तेव्हा हे उंच, पांढऱ्या दाढीचे सरदारजी मला म्हणाले, "नगरचा? मग आधी सांग, तुमच्या नगरला नळ कधी येते? मी होता तेव्हा तिसऱ्या दिवशी यायची."

"अजून तसंच आहे, कॅप्टनसाब."

"बघ! काही प्रगती नाय. खोली घे."

त्या शहरात माझ्याशी मराठीत बोलणारा तो एकच माणूस.

त्यांना एकुलता मुलगा होता. होता म्हणतो, पण त्या घरात तसं कुणी म्हणायचं नाही. मी राहायला गेलो त्याच्या आदल्या हिवाळ्यात तो सकाळी आपली गाडी घेऊन, यंत्रांचे सुटे भाग आणायला लुधियान्याला जातो म्हणून निघाला. लुधियान्याला पोचला नाही आणि घरीही आला नाही. पोलीस म्हणायचे, 'मुंड्यां'नी नेला असेल. मुंडे म्हणजे पोरं; अतिरेक्यांना तिथे लोक तसंच म्हणायचे. शेजारी आवाज उतरवून म्हणायचे, पोलिसांनीच नेला असेल. पुढे पुढे शेजाऱ्यांनी यायचंच सोडलं. बीजी रोज उजाडलं की फाटकाची दोन्ही दारं सताड उघडायच्या. माणसाला एक पुरतं. दोन्ही उघडायची ती गाडीला. कर्फ्यूच्या दिवशीसुद्धा आमच्या गल्लीत तेवढं एक फाटक उघडं असायचं, आणि गस्तीची जीप त्याच्यासमोर जरा हळू व्हायची.

कॅप्टनसाबांचं म्हणणं पक्कं होतं. "माणूस लपवता येते," ते म्हणायचे. "गाडी लपवता येत नाय. इंजिनला नंबर आहे, चेसिसला नंबर आहे. एवढा मोठा लोखंड कुठे जाईल? गाडी सापडली नाय, म्हणजे पोरगा गाडीत आहे. कुठे तरी चालवतो आहे." मला मराठीत सांगायचे, बीजींना पंजाबीत. या एका वाक्यावर ते घर उभं होतं. मी त्यात कधी बोललो नाही. जे मोजता येत नाही त्यावर मी बोलत नाही.

बाप-लेकाच्या गाड्या एकाच मॉडेलच्या, एकाच दुधाळ रंगाच्या. फरक होता तो आतला, आणि तो त्यांनी मला हसत हसत सांगितला होता. इंजिनात कॅमशाफ्ट नावाचा एक लांब दांडा असतो, अंगावर उंचवटे असलेला. तो फिरतो तसे व्हॉल्व्ह उघडतात, मिटतात. कुठल्या क्षणी उघडायचे ते कंपनी अंशांत ठरवून देते. मुलाचं म्हणणं होतं, कसौलीच्या चढावर गाडी दम टाकते; कॅम चार अंश पुढे घेतला तर कमी वेगातही ओढ राहील. बाप म्हणे, कंपनीने ठरवलं ते ठरवलं, तू कोण? जेवणाच्या टेबलावर रोज हेच. बीजी वाढता वाढता वैतागायच्या, "चार-चार काय करता, भाकऱ्या किती घालू ते सांगा." शेवटी बाप बाहेरगावी गेलेला बघून मुलाने काम उरकलं. कॅमच्या टोकाला गिअर बसतो, तो एका पिनेवर. त्या पिनेचं जुनं भोक त्याने बुजवलं आणि समोरच्या बाजूला, चार अंशांचा फरक ठेवून, नवं पाडलं.

"आणि बुजवलं कशाने, विचार," कॅप्टनसाब म्हणाले.

"कशाने?"

त्यांनी भिंतीकडे बोट केलं. खिळ्याला त्यांचा फौजेतला पट्टा लटकत होता. पितळी बकलाला पट्टा अडकवायच्या दोन कांड्या असतात. तिथे एकच उरली होती. "एवढे वर्ष मी त्याला पॉलिश केला. परेडला तोंड दिसायचा त्यात. या नालायकाने कापला, भोक त्याच्या मापाचा केला आणि ठोकून दिला! मी महिनाभर बोलला नाय त्याच्याशी."

"मग गाडी ओढायला लागली का?"

"मला काय माहीत? मी बसलाच नाय त्या गाडीत. चार डिग्रीच्या गाडीत मी कशाला बसेल?"

त्या वसंतात त्यांनी स्वतःच्या गाडीचं इंजिन उघडलं. मुलाला शोधायला स्वतः निघायचं होतं, गावोगाव, थेट सरहद्दीपर्यंत. बसने गेलं तर प्रत्येक नाक्यावर पगडीवाल्यांना वेगळं उतरवून रांगेत उभं करायचे. एकदा असे उतरले आणि बस त्यांना टाकून निघून गेली. "आपला इंजिन पाहिजे," ते म्हणाले, "रस्त्यात दगा न देणारा." मनीमाजऱ्याच्या वर्कशॉपमधून ब्लॉक बोअर करून आणला. क्रँक, पिस्टन सगळं ठीक. कॅमचे उंचवटे मात्र झिजून सपाट झालेले. कंपनीचा कॅम कुठे मिळेना. शेवटी दिल्लीच्या बाजारातल्या एका दुकानदाराने कळवलं, परदेशी बनावटीचा नवाकोरा आहे, गिअरसकट, सोबत मापांचं कार्ड, बसने पाठवतो.

तो सोडवून आणायला बसस्टँडवर मी गेलो. लांबट लाकडी पेटी. काउंटरवरचा माणूस ती हातात द्यायलासुद्धा तयार नव्हता, बोटाने दाखवून म्हणाला, उचला तुमची तुम्ही. परत येताना नाक्यावर बस थांबवली. एका जवानाने पेटी उघडायला लावली, ग्रीस माखलेला दांडा बाहेर काढला, एक डोळा मिटून त्याच्या टोकाशी भोक शोधलं.

"गोली कहाँ से निकलती है इसमें?"

"निकलती नहीं. बस घूमता है."

"किसलिए?"

भर उन्हात, बंदुकीसमोर, मी त्याला व्हॉल्व्ह समजावून सांगायला लागलो. बसमधले सगळे माझ्यापासून जितकं सरकता येईल तितकं सरकून बसले होते. त्याने ओळखपत्र बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "पढ़े-लिखे आदमी हो, ऐसी चीज़ लेके मत घूमा करो." दांडा त्याने पेटीत ठेवला तो फार जपून, झोपलेल्याला ठेवावं तसा. का कोण जाणे.

लगेचच बंद पुकारला गेला आणि प्रयोगशाळेला सुट्टी मिळाली. दुपारी मी माझे गेज घेऊन खाली उतरलो. नवा भाग आला की तो मोजल्याशिवाय इंजिनात जाऊ द्यायचा नाही, यावर आमचं दोघांचं एकमत. ते म्हणायचे, नवा पार्ट आला की आधी शत्रू समजायचा. मी म्हणायचो, कार्डावरचा आकडा म्हणजे नुसती बातमी.

बाहेर काही म्हणता काही आवाज नव्हता. एरवी दूरवर एखादी बस तरी ऐकू यायची. गॅरेजचं दार उघडं, पलीकडे फाटकाची दोन्ही दारं उघडी, त्यापलीकडे पानांनी भरलेला रिकामा रस्ता.

आधी मायक्रोमीटरने उंचवटे मोजले. उंची कार्डाप्रमाणे होती. पण उंचवट्यामागचा गोल भाग कार्डात लिहिल्यापेक्षा बारीक निघाला, आठही ठिकाणी.

"कॅप्टनसाब, हा नवा नाही. जुना घासून नव्याच्या पेटीत घातलाय."

"दिल्लीवाल्याने मामा केला?"

"केला."

त्यांनी दिल्लीवाल्याला पंजाबीत जे काही म्हणायचं ते म्हटलं. मग म्हणाले, "टायमिंग तर बघ. घासणारा चांगला असेल तर चालून जाईल." दुसरा मिळणार नव्हता आणि त्यांना निघायची घाई होती, हे मला दिसत होतं.

कॅम ब्लॉकमध्ये सरकवला, चेन चढवली. क्रँकच्या टोकाला अंशांची तबकडी बसवली. पहिला पिस्टन नेमका वर केव्हा पोचतो ते डोळ्याने ठरवायचं नसतं. अडकण लावून एका बाजूने फिरवत न्यायचं, टेकला की आकडा बघायचा, मग उलट्या बाजूने, आणि दोघांचा मध्य घ्यायचा. तो घेतला. मग डायल गेजचा पाय टॅपेटवर, म्हणजे कॅमच्या उंचवट्यावर चढून वर-खाली होणाऱ्या दट्ट्यावर, टेकवला. कॅप्टनसाब लांब पान्याने क्रँक फिरवायचे, मी काटा बघायचो. हेड अजून बसवलं नव्हतं. टॅपेट एकामागून एक वर यायचे, जरा थांबायचे, खाली जायचे. त्या शांततेत ते बघवत नव्हतं. अंगावर चादर घेऊन कुणी पडलंय आणि श्वास चाललाय, असं.

कार्डात लिहिलं होतं, इनटेकचा, म्हणजे हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचा, उंचवटा एकशे दहा अंशांवर माथ्याला येतो. मला एकशे सहा मिळाले.

"परत," ते म्हणाले.

परत एकशे सहा. पिस्टनचा मध्य पुन्हा काढला. तो बरोबर होता. धूर बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्टला एकशे दहाच्या जागी एकशे चौदा. दुसरा सिलिंडर, तिसरा, चौथा. सगळीकडे तसंच.

मी सवयीने, प्रयोगशाळेत साहेबाला सांगावं तसं, मान वर न करता बोलून गेलो, "उंचवटे एकमेकांशी बरोबर आहेत. त्यांत दोष नाही. अख्खा कॅमच पुढे बसलाय."

"किती?"

"चार."

पाना फिरायचा थांबला. मी वर बघितलं. त्यांचा हात पान्यावर तसाच होता आणि ते माझ्याकडे बघत नव्हते. काळ्या रंगाने रंगवलेल्या त्या गिअरकडे बघत होते. मग माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि मानेवर कुणी गार बोट ठेवावं तसं झालं.

"घासणाऱ्याने सुरुवातीचा अंश चुकवला असेल तरी असंच दिसतं," मी म्हणालो. धीर द्यायला नाही. ते खरंच होतं. "गिअर काढल्याशिवाय सांगता येणार नाही."

"काढ."

ते उठले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. "मी बघत नाय. तुला दिसेल ते सांग. जे आहे ते. मेहरबानी करू नको माझ्यावर."

चेन उतरवली, कॅम बाहेर घेतला, गिअरला पुलर लावला. गिअर बराच वेळ हलेना. बाहेर वारा उठला, पानांचा घोळका फाटकापाशी आला, आत वळल्यासारखा झाला आणि पुढे गेला. तेवढ्यात कट्ट आवाज करून गिअर सुटला. मागे काळं ग्रीस. मी फडक्याने पुसलं. दांड्याच्या गोल तोंडावर एका बाजूला पिन होती. तिच्या समोर, अगदी किंचित सरकून, एक पिवळा ठिपका.

"पितळ आहे," मी म्हणालो.

"पितळ कुणी पण भरते."

"हो. भरतात."

"मग मोज." त्यांनी खिळ्यावरचा पट्टा काढला आणि मागे न वळता माझ्याकडे धरला. "तू मोजणारा माणूस आहे ना? मोज."

उरलेली कांडी मी मायक्रोमीटरने मोजली. वर खोलीत जाऊन मोजणीचं भिंग आणलं आणि भोकातल्या पितळेचा व्यास घेतला. आधी एकदा, मग दांडा फिरवून पुन्हा. कधी नव्हे ते मला वाटत होतं की आकडे जुळू नयेत. केसाएवढा फरक निघाला असता तरी मी तो मोठ्याने सांगितला असता. दोन्ही आकडे मी त्यांना सांगितले. ते दोन नव्हते, एकच होता.

"परत सांग."

परत सांगितला.

"म्हणजे गाडी सापडली," कॅप्टनसाब म्हणाले.

अंगणातून बीजींच्या चपलांचा आवाज आला. ते एकदम वळले, कॅमवर फडकं टाकलं आणि मला हलक्या आवाजात मराठीत म्हणाले, "तिला बोलू नको." बीजी चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या.

"की होया? ठीक निकलया?"

"ठीक आहे, ठीक आहे. एकदम फिट," कॅप्टनसाबांनी सांगितलं, जरा जास्तच मोठ्याने.

बीजींनी त्यांच्याकडे बघितलं. मग माझ्या हातातल्या पट्ट्याकडे. "पुत्तर," त्या मला म्हणाल्या, "तू दस." तू सांग.

बापाने मुलाबद्दल काय सांगायचं ते बापाचं. ते मी बोलणार नव्हतो. पण त्यांनी मला विचारलं होतं की माप ठीक निघालं का. खोटं माप मी आजवर साहेबांच्या दबावाखालीसुद्धा दिलं नव्हतं, आणि रोज उजाडता दोन दारं उघडणाऱ्या त्या बाईला तर मी ते देणारच नव्हतो. मी हिंदीत म्हणालो, "बीजी, कार्डावर एकशे दहा लिहिलंय. एकशे सहा येतंय."

त्यांचे ओठ हलले. त्या वजाबाकी करत होत्या.

"चार," त्या म्हणाल्या.

त्या आत आल्या. उभ्या गाडीला वळसा घालून पलीकडे गेल्या, ट्रे खाली ठेवला तो त्या तेलाच्या डागावर, आणि स्वतः त्याच्या शेजारी फरशीवर बसल्या. कपांवर साय धरली. कॅप्टनसाब अवघडत खाली बसले, त्यांच्या बाजूला, पण डागाच्या बाहेर. मी गेज पुसून डब्यात ठेवले. एवढंच मला करता येण्यासारखं होतं.

दुसऱ्या सकाळी फाटकाचं एकच दार उघडलं होतं.

कॅप्टनसाब ती पेटी घेऊन दिल्लीला जाऊन आले. दुकानदार भला माणूस निघाला, पैसे परत देऊ लागला. भंगारातून लॉट आला होता म्हणाला, कुठून ते त्याला माहीत नव्हतं. ज्याच्याकडून घेतला तो आता तिथे नव्हता. पैसे न घेता कॅप्टनसाब तोच कॅम बगलेत मारून परत आले आणि मला म्हणाले, "लाव."

मी स्पष्ट सांगितलं. घासताना वरचा कडक थर गेलाय. खालचं लोखंड मऊ. थोडे दिवस चालेल, मग उंचवटे झिजतील, टकटक सुरू होईल. इंजिनच्या भल्याचं विचाराल तर माझ्या लेखी हा नापास आहे.

"तू नापास लिही," ते म्हणाले. "मी लावतो."

लावला. गिअर त्याच पिनेवर, पितळेला हात न लावता.

पहिल्यांदा गाडी बाहेर काढली तो दिवस चांगला होता, ऊन होतं, कर्फ्यू नव्हता. बीजी मागे बसल्या, मी पुढे. तळ्याच्या दिशेने जाताना थोडा चढ लागतो. एरवी तिथे गिअर बदलावा लागायचा. कॅप्टनसाबांनी मुद्दाम बदलला नाही. वेग पडत गेला, आता बंद पडणार असं वाटलं, आणि मग गाडीने खालून उचल घेतली; आवाज न करता, दम न टाकता, मागून कुणी हात लावावा तशी वर गेली. माथ्यावर त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिले.

"खोत्ते दा पुत्तर," ते म्हणाले. गाढवाचा मुलगा.

मागून बीजी म्हणाल्या, "मग गाढव कोण, तेही सांगा."

ते हसले. दोघंही हसली, आणि ते हसणं ऐकून माझ्या अंगावर काटा आला. कारण त्या गाडीत आम्ही तिघंच आहोत असं मला वाटत नव्हतं. शिकलेला माणूस आहे, असलं काही मी मानत नाही. वाटलं ते लिहिलं.

ते गावोगाव शोधायला गेले नाहीत. गाडी आता त्या डागावर उभी राहायला लागली, आणि तिची जुनी जागा रिकामी झाली. रोज सकाळी ते गॅरेजचं दार उघडून इंजिन थोडा वेळ चालू ठेवायचे. माझ्या खोलीची फरशी हलकी थरथरायची. अंथरुणात पडल्या पडल्या मी कान देऊन ऐकायचो. सवय ती.

पावसाळा संपत आला होता तेव्हाची गोष्ट. सकाळी इंजिन सुरू झालं, मी टूथब्रश तोंडात धरून खिडकीशी आलो, तर कॅप्टनसाब अंगणात उभे. पगडी बांधण्याआधी कापड ताणून घ्यायला त्याचं एक टोक दाराच्या कडीला बांधलेलं, दुसरं हातात. पाठ गॅरेजकडे. इंजिन खाली चालू होतं. मी जिना उतरलो तो पायात चपला न घालता.

स्टिअरिंगवर बीजी होत्या. त्यांना गाडी चालवता येत नव्हती. डोळे मिटलेले, दोन्ही हात मांडीवर, ओढणी डोक्यावर. किल्ली फिरवायला कधी शिकल्या देव जाणे. मी बॉनेटपाशी उभा राहिलो. डोळे न उघडता त्यांनी विचारलं, "पुत्तर, आवाज ठीक आहे ना?"

मी वाकलो, बॉनेटवर कान लावला. पत्रा कोमट होता. आत सगळं एका लयीत चाललं होतं, आणि त्या लयीच्या खाली, अगदी बारीक, नखाने काचेवर टिचकी मारावी तशी टकटक. अजून कुणाला ऐकू आली नसती.

"टकटक सुरू झालीय, बीजी," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "होऊ दे," म्हणाल्या, आणि इंजिन बंद केलं नाही.